दुसऱ्यांदा बघताना

रहस्य ठाऊक असलेली रहस्यमालिका पुन्हा बघत बसणाऱ्या माणसाला लोक अर्धवट समजतात. समजोत. आमच्या घरात हे वेड पिढीजात आहे आणि मला त्याची मुळीच लाज वाटत नाही. परवा श्रावणातल्या एका भुरभुर पावसाच्या दुपारी चॅनेल बदलता बदलता ती जुनी हिंदी मालिका लागलेली दिसली. तिच्या सुरुवातीला संगीत नाही. काळ्या पडद्यावर नुसता एक नळ ठिबकत राहतो आणि मग कुणीतरी दार वाजवतं. ते ठिबकणं ऐकलं आणि निवडायला घेतलेली मेथी बाजूला सारून मी खाली बसले. मालिका अंगावर येणारी आहेच, पण मी बसले ती तिच्यातल्या खुनांसाठी नव्हे. त्या ठिबकण्यानं मला सिंहस्थाच्या वर्षात नेलं होतं.

बाकीच्या महाराष्ट्राला तीन ऋतू असतात. नाशिकला चौथाही आहे, तो बारा वर्षांनी येतो. गुरू सिंह राशीत शिरायच्या आधीच रस्ते खणून ठेवले जातात, पुलांना रंग लागतो, आणि नाशिक रोडच्या स्टेशनवर एकेक गाडी माणसं ओतायला लागते. डोक्यावर गाठोडी, हातात पितळी कमंडलू, एकमेकींच्या पदरांना गाठी मारून चालणाऱ्या म्हाताऱ्या. त्या वर्षात लग्नं लावत नाहीत, म्हणून लग्नाळू मुलींचे बाप कपाळाला हात लावून बसतात. आणि ज्यांच्या घरात एखादं श्राद्ध अडलेलं असतं त्यांना मात्र घाई सुटते, कारण सिंहस्थात गोदावरीवर केलेलं पितरांना थेट पोचतं म्हणतात.

मी सांगतेय त्या सिंहस्थात मला सातवा महिना होता आणि डॉक्टरांनी जिना चढ-उतर बंद केली होती. माहेर तिसऱ्या मजल्यावर. म्हणजे मी कैदीच. सोबतीला काकू होती, कारण ती शिकवायची त्या शाळेत बंदोबस्ताच्या पोलिसांचा मुक्काम पडला होता आणि मुलांना सुट्टी होती. नेमकी त्याच दिवसांत कुठल्याशा चॅनेलनं ती मालिका दुपारी पुन्हा दाखवायला घेतली. रोज जेवणं आटोपली की ओटा पुसून, पदराला हात पुसत काकू यायची, दिवाणाच्या एका टोकाला पाय वर घेऊन बसायची आणि विचारायची, "आज कोणता गं?" आज कोणता खून, असं. शेजारपाजारच्या बायका त्या वेळी सासवा-सुनांच्या मालिका बघून डोळे पुसत असत. आमचं आपलं एक प्रेत आणि दोन कप चहा.

काकू म्हणजे माझ्या धाकट्या काकांची बायको, सुमनकाकू. काका नाहीत. म्हणजे वारले असं नाही. नाहीत.

विनूकाका आधीच्या सिंहस्थात गेले. मी तेव्हा पाचवी-सहावीत असेन. काका एका औषधाच्या कंपनीचा माल घेऊन गावोगाव फिरायचे, पण मालिकेच्या रात्री कुठूनही घरी पोचायचे. तेव्हा ती आठवड्यातून एकदा लागायची. तिच्यातले इन्स्पेक्टर साहेब कुणाच्याही घरी गेले की आधी पाणी मागत, आणि पाणी कोण आणतं, कसं आणतं ते बघत बसत. काकांना तेवढं पुरायचं. "ही बघ. नवरा मेलाय आणि पेल्यातलं पाणी हलत नाही. हीच," असं ते पहिल्या दहा मिनिटांत जाहीर करायचे आणि बहुतेक वेळा खरे ठरायचे. काकू चिडायची. "सांगू नका हो आधी, मजा जाते." काका हसायचे. त्या हसण्यात मला तरी कधी काही दिसलं नाही. भांडण नाही, व्यसन नाही, कुणाशी वाकडं नाही.

पर्वणीच्या दिवशी सकाळी काका "जरा गर्दी बघून येतो" म्हणून निघाले. अंगात निळा शर्ट, खांद्याला शबनम पिशवी. दुपारी आले नाहीत, संध्याकाळी आले नाहीत. दुसऱ्या दिवशी बाबा आणि काकू रामकुंडावरच्या हरवले-सापडलेच्या मांडवात जाऊन बसले, मलाही बरोबर नेलं होतं. तिथला भोंगा अजून माझ्या कानात आहे. कुणाची आई, कुणाची सासू, कुणाचं पोर. नाव पुकारलं की गर्दीतून कुणीतरी धावत येई, रडारड होई, पाठीत धपाटा बसे आणि माणसं घरी जात. मधूनमधून आमची पाळी येई. "विनायक गोविंद, राहणार नाशिक रोड, अंगात निळा शर्ट, आपण जिथे असाल तिथून मांडवाजवळ यावे, आपली माणसे वाट पाहत आहेत." काकू दर वेळी उठून उभी राहायची. संध्याकाळपर्यंत मांडवातली सगळी हरवलेली माणसं सापडली, आणि भोंगेवाल्या मुलानं आमच्याकडे बघायचं टाळायला सुरुवात केली. कुंभमेळ्यात हरवलेल्या भावांवरचे विनोद तुम्हाला ठाऊक असतील. आमच्यासमोर ते कुणी करत नाही.

मग खरे पोलीस घरी आले. त्यातल्या हवालदारानं खुर्चीवर बसताच घाम पुसत पाणी मागितलं आणि मी पडद्याआड झाले. काकूनं पाणी आणलं. पेला काठोकाठ भरलेला, आणि पाणी जराही हलत नव्हतं. मी पडद्याआडून त्या पेल्याकडे बघत होते आणि मनातल्या मनात ओरडत होते, हलव गं, जरा तरी हलव. हवालदाराच्या ते खिजगणतीतही नव्हतं. तो पाणी प्यायला आणि काकांचा फोटो घेऊन गेला. पण चाळभर कुजबूज सुरू झालीच होती. तिसऱ्या मजल्यावरची सुमन रडत कशी नाही? नवरा बेपत्ता आणि ही बाई दर आठवड्याला टीव्हीसमोर बसून खून बघते! काकूनं खरंच एकही भाग चुकवला नाही. मी तिच्या शेजारी बसायचे. शोध लागायचा, बेड्या पडायच्या, काकू एक श्वास सोडायची आणि झोपायला जायची. त्या बायकांना काय कळणार? जगात तेवढी एकच जागा होती जिथे काय झालं ते शेवटी सांगत.

एकच भाग तिचा चुकला. त्या संध्याकाळी इगतपुरीकडच्या रुळांवर बेवारस प्रेत सापडल्याचा निरोप आला आणि बाबा काकूला घेऊन ओळख पटवायला गेले. मी शेजारच्या मावशींकडे होते आणि त्यांच्या टीव्हीवर तो भाग बघितला. त्यातही एक नवरा बेपत्ता असतो. सगळं गाव म्हणतं की बायकोनंच काटा काढला. साहेबांना मात्र तो सापडतो, लांबच्या एका गावात, जिवंत. सायकली दुरुस्त करत असतो, दुकानामागच्या घरात दुसरी बायको, दाराशी खेळणारं मूल. मी घरी परतले तेव्हा काकू अंघोळ करून ओल्या केसांनी बसली होती. प्रेत काकांचं नव्हतं. तिनं त्या दिवशी मालिकेत काय झालं ते विचारलं नाही, मीही बोलले नाही, आणि तो भाग आमच्या दोघींमध्ये तसाच राहून गेला.

वर्षं जातात. बातम्यांच्या आधी बेपत्ता माणसांचे फोटो दाखवत, ते बघायला आम्ही सगळे श्वास रोखून बसायचो. पुढे पुढे फोटो लागले की काकू उठून कुकर लावायला जाऊ लागली. आम्हाला वाटलं, थकली. माझं लग्न झालं. काकूचे केस कानाशी पांढरे झाले. मंगळसूत्र तेच, कुंकू तेवढंच. हळदीकुंकवाला बोलवावं की नाही, असा प्रश्न बायकांना पडायचा आणि काही जणी तो तिच्यासमोरच एकमेकींना विचारायच्या. काकू जायची, वाण घेऊन यायची.

आणि सिंहस्थ पुन्हा आला. म्हणजे बारा वर्षं झाली. शास्त्र असं सांगतं की बारा वर्षं माणसाचा पत्ता नसेल तर तो गेला असं धरावं. पळसाच्या पानांचा पुतळा करतात, त्याला माणूस मानून अग्नी देतात, मग दहावं-बारावं सगळं रीतसर. आमचे पंचवटीतले गुरुजी बाबांना म्हणाले, "असा योग पुन्हा येणार नाही. लहान भाऊ अधांतरी लटकतोय, त्याला सोडवा." बाबांची झोप उडाली. माझे वडील तसे कोरडे गृहस्थ, पण त्या दिवसांत ताटावर बसले की घास हातात धरून थांबायचे. ते स्वतः विधी करायला तयार होते. अडलं होतं ते काकूपाशी. कारण पुतळ्याला अग्नी दिला की मंगळसूत्र उतरणार, कुंकू पुसणार.

"सुमन, विचार केलास का?" बाबा विचारत.

"बघू, दादा," काकू म्हणे. सासरच्या रिवाजाप्रमाणे ती मोठ्या दिराला दादा म्हणायची.

आई मला आत घेऊन कुजबुजायची, "आशा सुटत नाही गं तिची. तू समजाव. तुझं ऐकेल." मी काय समजावणार? माझ्या पोटात जीव वळवळत होता आणि मी तिला सांगायचं की तुझा नवरा मेला असं आता कबूल कर? मला बाबांचाही राग यायचा आणि गुरुजींचाही. काकूचा मात्र येत नव्हता, नुसती भीती वाटत होती. कारण मालिका रोज एक भाग पुढे सरकत होती, आणि तो भाग जवळ येत होता.

दुसऱ्यांदा बघताना मालिका वेगळीच दिसते. पहिल्यांदा आपण खुनी शोधत असतो. दुसऱ्यांदा खुनी ठाऊक असतो, मग नजर मोकळी होते आणि ज्यांना सगळं आधीपासून माहीत होतं त्यांच्याकडे जाते. मोलकरीण, भाऊ, शेजारचा दुकानदार. पहिल्याच दृश्यात ती माणसं चहा देत असतात, दार लावत असतात, आणि त्यांच्या चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं असतं. हे मी काकूला म्हटलं तेव्हा ती चहा गाळत होती. "हो ना," एवढंच म्हणाली.

मी मनात हिशेब मांडत होते. गळा आवळलेली शिक्षिका झाली, विहिरीतला सावकार झाला, आता तोच. काकूनं तो बघितला तर काय होईल? तिला वाटेल की आपलाही असाच कुठेतरी जिवंत आहे, आणि मग ती जन्मात विधीला हो म्हणणार नाही. नाहीतर वाटेल की आपलाही असाच दुसरीकडे संसार थाटून बसलाय, आणि ते तर मरणाहून वाईट. टीव्ही बिघडला म्हणावं का? पोटात दुखतंय म्हणून तिला जवळ बसवून घ्यावं का? शेवटी मी वीजमंडळावर भरवसा ठेवला. त्या दिवसांत दुपारी लाईट जायची म्हणजे जायचीच. देवाला नाही, पण भारनियमनाला मी त्या दुपारी हात जोडले.

पण सिंहस्थ होता. आलेल्या लाखो पाहुण्यांना उजेड दिसावा म्हणून शहराची वीज एक मिनिटही गेली नाही.

पर्वणीचा दिवस होता. खाली रस्त्यावरून स्टेशनाकडून येणारी गर्दी वाहत होती, तिचा एकसारखा घोंघाट तिसऱ्या मजल्यावर ऐकू येत होता. बाबा बाहेरच्या खोलीत येरझारा घालत होते. गुरुजींना त्या दिवशी होय की नाही कळवायचं होतं. नळ ठिबकला, दार वाजलं, भाग सुरू झाला. काकू पाय वर घेऊन बसली. मी पडद्याकडे बघत नव्हते, तिच्याकडे बघत होते. बायकोवर आळ येतो, गाव तोंड फिरवतं, साहेब गावोगाव हिंडतात. काकूची मान जराही हलली नाही. सायकलचं दुकान आलं. साहेब त्या बायकोला जीपमधून घेऊन येतात, रस्त्याच्या पलीकडे थांबतात. ती काचेतून बघते. नवरा पंक्चर काढतोय, मूल त्याच्या पाठीवर चढतंय. साहेब म्हणतात, नीट बघा, हाच तो असेल तर तुमच्यावरचा आळ आत्ता इथे संपतो. ती बराच वेळ बघते आणि म्हणते, हा तो नव्हे. साहेबांना कळतं. ते जीप वळवायला सांगतात.

"बरं केलं हिनं," काकू म्हणाली.

मी थक्क. "काय बरं केलं? जन्मभर खुनाचा आळ राहिला की बिचारीवर!"

"आळ परवडतो," काकू म्हणाली.

दारात बाबा उभे होते. भाग संपेपर्यंत मधे बोलायचं नाही, ही आमच्या घरची शिस्त त्यांनी त्या दिवशीही मोडली नव्हती. आता साबणाची जाहिरात लागली होती. बाबा म्हणाले, "सुमन, गुरुजी फोनची वाट बघताहेत. आता तरी बोल. त्याचं कुणीतरी करायला हवं ना? माझ्यानंतर त्याचं करणारं कोण आहे?"

"पुतळा नका करू, दादा," काकू म्हणाली. "त्यांचं करणारे आहेत."

बाबांना कळलं नाही. मला कळलं, आणि मी टीव्हीचा आवाज बंद केला.

"पोलिओचे रविवार नवीन नवीन सुरू झाले होते ना," काकू भिंतीकडे बघत सांगू लागली, "तेव्हा माझी ड्यूटी स्टेशनवर लागली होती. गाडी थांबली की बर्फाची पेटी घेऊन डब्यात चढायचं, पाच वर्षांच्या आतली पोरं शोधायची, दोन थेंब पाजायचे, करंगळीला शाई लावायची आणि गाडी हलायच्या आत उतरायचं. एका डब्यात खिडकीशी एक बाई बसली होती. मांडीवर मुलगा. तोंड घट्ट मिटून बसलेला. मी शेजारच्या माणसाला म्हटलं, भाऊ, जरा गाल धरा याचे. त्यांनी गाल धरले आणि वर बघितलं."

खालून कुठल्याशा आखाड्याची वाजंत्री गेली.

"मग?" बाबा म्हणाले.

"मग काय. थेंब पाजले, शाई लावली. विचारलं, आणखी कोणी आहे का? ते गप्प. ती बाई म्हणाली, वरच्या बाकावर मोठी निजलीय. म्हटलं, उठवा तिला. त्यांनीच उठवून खाली घेतली. तिलाही पाजले. गाडी हलली तशी मी उतरले. ती बाई खिडकीतून म्हणाली, थँक्यू ताई."

बाबा बाहेरच्या खोलीत गेले. फोन फिरवल्याचा आवाज आला. "गुरुजी, तो विधी राहू द्या," ते म्हणत होते. "नाही, अडचण काही नाही. माणूस आहे." फोन ठेवल्यावर ते बराच वेळ आले नाहीत. आले तेव्हा तोंडावर पाणी मारलेलं होतं. काकूसमोरच्या खुर्चीवर बसले आणि त्यांनी विचारलं, "बरा होता का तो?"

"बरे होते. चष्मा लागलाय."

माझा संताप संताप झाला. सगळी वर्षं ही बाई त्यांच्यासमोर शाळेत जात होती, स्वयंपाक करत होती, लोकांची बोलणी खात होती, आणि तिला तू बरी आहेस का असं माझ्या बापानं एकदा विचारलेलं मला आठवत नव्हतं. मी तोंड उघडणार तेवढ्यात बाबांचाच आवाज फुटला.

"सांगायचं होतंस गं. त्याच दिवशी सांगायचं होतंस. पुढच्या गाडीनं गेलो असतो मी. गाव न् गाव पालथं घातलं असतं, कान धरून आणला असता त्याला आणि तुझ्यासमोर उभा केला असता."

"माहितीये मला, दादा," काकू म्हणाली. "म्हणून तर नाही सांगितलं."